दादाची सरकारी कँटोनीज

शुगर लँड, टेक्सस
११ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सुवर्णा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. तुझ्या घराजवळील ज्येष्ठांच्या वसाहतीत एक सदनिका रिकामी झाली आहे, तेव्हा मी येथील घर विकून पार्सिपनीस यावे, हा तुझा व यशोधनरावांचा आग्रह कळला. रेखा जाऊन सहा वर्षे झाली, मूलबाळ नाही, एकाहत्तराव्या वर्षी एवढ्या घरात एकट्याने काय करायचे, हा तुझा प्रश्नही रास्त आहे. तथापि निर्णय तूर्त स्थगित ठेवावा अशी विनंती आहे. कारण मी एका अभ्यासात गुंतलो आहे.

मी कँटोनीज भाषा शिकत आहे.

दचकू नकोस. हाँगकाँग व दक्षिण चीनकडची ही भाषा मोठी मौजेची आहे. एकच अक्षर निरनिराळ्या सुरांत म्हटले की अर्थ पालटतो. सारा जन्म तेलाच्या वाहिन्यांचे गणित करण्यात गेल्यावर मेंदूला असा व्यायाम हवाच होता. माझी पद्धतही शास्त्रशुद्ध आहे. मोटार चालवताना हाँगकाँगच्या बातम्या ऐकतो, त्यांतील भारदस्त शब्द टिपतो आणि घरी आल्यावर मोठ्याने म्हणतो. येथे कुठेही जायचे तर अर्धा तास गाडी चालवावी लागते, त्यामुळे अभ्यास उत्तम होतो.

ही आवड कशी लागली म्हणशील, तर गेल्या दिवाळीत दोडके आणावयास बेलेअर बुलव्हार्डवरील चिनी बाजारात गेलो होतो. तेथे एका बाईंनी माझ्या हातातील दोडका काढून घेतला, परत ठेवला, व दुसरा दिला. त्या श्रीमती विनी लाम. निवृत्त औषधतज्ज्ञ आहेत. इंग्रजी उत्तम. मंगळवारी व गुरुवारी त्या माझे उच्चार तपासून देतात. शनिवारीही. क्वचित रविवारी. विशेष काही नाही. माझी वाक्ये ऐकून त्या पुष्कळ हसतात, त्यावरून माझी प्रगती त्यांना सुखावत असावी.

जाता जाता एक विचारतो. तू मागे दिलेला मोरपंखी सदरा मला या वयात शोभेल काय? केवळ कपाट आवरताना प्रश्न पडला.

यशोधनरावांस नमस्कार, अनुष्कास आशीर्वाद.

तुझा
प्रल्हाददादा


पार्सिपनी, न्यू जर्सी
२० फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. मायना-बियना तुझ्याकडे, माझ्याकडून नुसता नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी फ्रीक आऊट झाले, मग यशोधनला वाचून दाखवलं तर तो पण झाला. दादा, एक अनोळखी बाई भर दुकानात तुझ्या हातातला दोडका काढून घेते, आणि तू तिच्याकडे शिकवणी लावतोस? आठवड्यातून चार दिवस? आमच्या देसी सीनियर्सच्या ग्रुपमध्ये नेहमी सांगतात, एकटा रिटायर्ड माणूस, स्वतःचं मोठं घर, म्हणजे टार्गेट. खरं सांग, तिने तुला काही विकलंय का? मॅग्नेटची गादी? गुडघेदुखीचा चहा? आणि ती सारखी हसते कशाला?

शिकायचंच असेल तर ब्रिज शीक यार. आमच्याकडे तर लाइन डान्सिंगपण आहे.

एक गोष्ट मात्र वाचून बरं वाटलं. कपाट आवरायला घेतलंयस, म्हणजे मनातून तू पार्सिपनीला यायला तयार झालायस, फक्त कबूल करत नाहीयेस. मी ओळखते तुला. तो मोरपंखी कुर्ता तुला मस्त दिसतो, पॅक करताना वर ठेव. फ्लॅटवाल्यांना मी महिनाअखेरपर्यंत थांबवलंय.

अनुष्काच्या ऑफिसात कॅरन म्हणून तिची मैत्रीण आहे, हाँगकाँगची. कधी कधी रविवारी जेवायला येते आमच्याकडे, मिसळ खाऊन रडते आणि परत मागते. तुला खरंच व्याकरण-बिकरण विचारायचं असेल तर तिला विचारू. फुकट. कुठलीही गादी न विकता.

फोन केला तर उचलत जा ना. पोस्टमन माझ्याकडे हल्ली दयेने बघतो.

सुवर्णा


शुगर लँड
१७ मार्च

चि. सौ. सुवर्णा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तरास विलंब झाला. तुझे संशय वाचून करमणूक झाली. मला कोणीही गादी विकलेली नाही. फोनवर या गोष्टी मला बोलवत नाहीत, म्हणून आता पत्रातच स्पष्ट लिहितो. म्हणजे बऱ्यापैकी स्पष्ट.

श्रीमती लाम (यापुढे विनी) यांचे यजमान फार वर्षांपूर्वी निवर्तले. त्या आपल्या एक्क्याण्णव वर्षांच्या मातोश्रींसह राहतात. मातोश्रींना इंग्रजी येत नाही. आमच्या परिचयाबाबत विनीची अट एकच होती. ती म्हणाली, "आईला तुम्ही परके वाटलात, तर हे इथेच थांबवू. ती आहे तोवर घर तिचं आहे." मला ते पटले. 'परिचय' हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे, याची नोंद घ्यावी.

मातोश्रींशी त्यांच्याच भाषेत बोलायचे, असा मी निश्चय केला. बातम्यांतून वेचलेले उत्तमोत्तम शब्द घालून एक छोटे भाषण रचले. विनीला चकित करायचे होते, म्हणून तिलाही दाखवले नाही.

गेल्या रविवारी चहाचे बोलावणे आले. मोरपंखी सदरा घातला. विनी आत चहा करत असताना मी उभा राहिलो व आरंभ केला. मराठीत त्याचा आशय असा: "परमादरणीय वयोवृद्ध महोदये! आपल्या मनोहर निवासस्थानी उपस्थित राहताना मला अतीव हर्ष होत आहे. आपल्या सुकन्येच्या कल्याणाप्रति मी कटिबद्ध आहे."

परिणाम अपेक्षेपलीकडचा झाला! मातोश्रींनी तत्काळ दूरचित्रवाणी बंद केली. पाय खाली सोडून ताठ बसल्या. मला 'आ-सर' म्हणाल्या. पाहा, पहिल्याच भेटीत 'सर'! मग उठून कपाटातून आपले अमेरिकन नागरिकत्वाचे प्रमाणपत्र काढले आणि दोन्ही हातांनी माझ्या हाती दिले. केवढा हा विश्वास! मी ते लक्षपूर्वक वाचले, परत केले, व त्यांचे अभिनंदन केले.

मग मूळ मुद्द्यावर आलो. मुलीने नवा संसार मांडला की आपले काय, ही भीती वृद्ध मनात असतेच. ती घालवण्यासाठी म्हणालो, "चिंता नसावी, आपली उत्तम सोय लावण्यात येईल." 'सोय लावणे' यासाठी 'ऑन-ची' असा भारदस्त शब्द बातम्यांत रोज येतो. त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "कधी?" त्यांची उत्सुकता पाहून मी आणखी एक बातम्यांतला शब्द वापरला: "लवकरात लवकर."

त्यानंतर त्या आपल्या खोलीत गेल्या, त्या चहालाही बाहेर आल्या नाहीत. वयोमानाने थकल्या असाव्यात.

एक मात्र उमगत नाही. दुसऱ्या दिवशी विनीचा संदेश आला, "तुम्ही माझ्या आईला काय सांगितलंत?" मी कळवले, "त्यांची सर्वोत्तम व्यवस्था लावण्याचे आश्वासन दिले." त्यावर उत्तर नाही. मंगळवार गेला, गुरुवार गेला. फोन उचलत नाही. बहुधा भारावून गेली असावी.

भाषण देवनागरीत उतरवून सोबत जोडले आहे. अनुष्काच्या मैत्रिणीकडून व्याकरण तपासून घे.

तुझा
प्रल्हाददादा


पार्सिपनी
२४ मार्च

दादा, दादा, दादा,

आधी बस. पाणी पी. मग वाच.

आज दुपारी कॅरन जेवायला आली होती. अनुष्काने तुझं भाषण मोठ्याने वाचलं. दुसऱ्याच ओळीला कॅरनला ठसका लागला आणि मिसळीचा कट थेट तिच्या नाकात गेला. ती म्हणाली, "तुझे मामा मंत्री आहेत का? की इमिग्रेशनमध्ये?" आम्ही हसून हसून टेबलावर पडलो. यशोधनला तर काहीच कळलं नव्हतं, तरी तो पण.

मग ते 'ऑन-ची' आलं. कॅरन हसायची थांबली. दादा, हा शब्द बातम्यांत रोज येतो, कारण बातम्यांत रोज कुठेतरी आग लागते नाहीतर पूर येतो. बेघर लोकांना छावणीत नेऊन ठेवतात, म्हाताऱ्यांना कुठल्यातरी केंद्रात हलवतात, ते ऑन-ची. तू त्या बाईंना काय सांगितलंस माहितीये? "आपले पुनर्वसन करण्यात येईल. लवकरात लवकर."

आणि 'आ-सर' पोलिसाला म्हणतात! सरकारी साहेबाला! म्हणून तर तिने कागद दाखवले तुला, आणि तू ते तपासून परत केलेस!!

आता माझं पण हसू गेलंय. एक्क्याण्णव वर्षांची बाई. तिला वाटलं सरकारी माणूस आलाय तिला घेऊन जायला, आणि पोटची मुलगी आत त्याच्यासाठी चहा टाकतेय.

कॅरन म्हणते, त्यांच्याकडे दोन भाषा एकाच घरात नांदतात. एक पेपरातली, भाषणातली. दुसरी, आई पोरांशी बोलते ती. वाचायची वेगळी, बोलायची वेगळी. पुस्तकात 'नाही'ला 'बात' म्हणतात, घरात नुसते ओठ मिटून 'म्'. पुस्तकात सुंदर म्हणजे 'मेय-लाय', घरात 'लेंग'. मग बाई असो, पडदे असोत की बाजारातला मासा असो, लेंग. आणि तू तिला जे 'लोऊ फू-यान' म्हणालास ना, ते असं काहीतरी, जसं मी शेजारच्या बाईंना 'राजमाता' म्हणून हाक मारावी. मैत्रिणीच्या आईला तिकडे 'बाक-मोऊ' म्हणतात. मूळ अर्थ काय, तर वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. दादा, काकू! तिला नुसतं काकू म्हणायचं होतं रे!

तू मराठीत तरी वेगळा कुठे आहेस? लग्नाआधी रेखावहिनीला म्हणालास, "मला आपल्या सहवासाची अभिलाषा आहे." ती बिचारी घरी जाऊन विचारत होती, ही अभिलाषा कोण? मरेपर्यंत सांगून हसायची.

आणि 'परिचय' म्हणे! प्रेमात पडलायस तू. सरळ लिही ना.

सुवर्णा

ता. क. गादीबद्दल जे बोलले ते मागे घेते.


शुगर लँड
२९ मार्च

सुवर्णा,

घोटाळा झाला. फार मोठा झाला.

तुझं पत्र वाचून तसाच उठलो आणि विनीच्या घरी गेलो. तिने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. दारातच सगळं सांगितलं, इंग्रजीत. तिने ऐकून घेतलं. मध्येच तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. म्हणाली, "मला कळलं. पण मला कळून काय उपयोग? आईने बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय. मी सांगते ते तिला पटत नाही, वाटतं मीच तुम्हाला बोलावलं. नीट जेवत नाहीये. परत येऊन तिला घाबरवू नका, प्रल्हाद."

मग तिने दार लावलं. हळूच लावलं, पण लावलं.

मला ही बाई फार आवडते. या वाक्यात आधी 'तिच्याविषयी आदर वाटतो' असं लिहिलं होतं. ते खोडलं.

कॅरनशी बोलणं होईल का? बातम्या ऐकणं बंद केलं आहे.

प्रल्हाद


पार्सिपनी
३ एप्रिल

दादा,

कॅरनचा नंबर तुला टेक्स्ट केलाय. ती रोज संध्याकाळी फोनवर शिकवेल, पण तिची कंडिशन आहे: हातात पेन घ्यायचं नाही. लिहून घेतलंस की तू बिघडतोस.

तिने परवा एक गंमत सांगितली. कारल्याला पुस्तकात 'फू-ग्वा' म्हणतात, म्हणजे कडू फळ. पण हा कडू म्हणजे आयुष्यातले कष्ट, भोग, असला कडू. म्हणून घरात कोणी तो शब्द उच्चारत नाही. 'ल्योंग-ग्वा' म्हणतात, थंड फळ. ती अगदी समजावून सांगत होती, आणि मी म्हटलं, अगं यात शिकवायचं काय! आम्ही घरातून निघताना 'जातो' म्हणतो का कधी? 'येतो'च म्हणतो. बांगडीसुद्धा आमच्यात फुटत नाही, वाढवते.

हे सगळं तुला आधीपासून येतं, दादा. फक्त ते शब्द आईकडे बसून शिकलेले आहेत, आपल्या वडिलांच्या शाळेत बसून नाही.

पार्सिपनीच्या फ्लॅटचं मी कॅन्सल केलंय. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, मी तुझ्या खोलीच्या पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता. पण तू जा. घाबरू नकोस.

सुवर्णा


शुगर लँड
१४ एप्रिल

सुवर्णा,

काल काय झालं ते सगळं सांगतो. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

शनिवारी सकाळी सीनियर सेंटरची व्हॅन विनीच्या आईसकट सगळ्या म्हाताऱ्यांना बेलेअरच्या बाजारात सोडते, हे मला ठाऊक होतं. मी आधीच जाऊन भाजीच्या रांगेत उभा राहिलो. मोरपंखी सदरा नाही. साधा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्यावर हळदीचा डाग. मुद्दाम. कुठल्याच सरकारी माणसाच्या शर्टावर हळदीचा डाग नसतो.

त्या आल्या. मला पाहिलं आणि गाडा वळवला. मी मागे गेलो नाही. दोन कारली उचलली आणि तिथूनच म्हणालो, "बाक-मोऊ! ल्योंग-ग्वा, पिन-को लेंग?"

काकू, कारलं कुठलं चांगलं? एवढंच. यापेक्षा जास्त मला येतच नव्हतं.

त्या थांबल्या. वळून बघितलं. मग गाडा परत आणला, माझ्या हातातली दोन्ही कारली घेतली, ढिगावर फेकून दिली आणि तिसरंच शोधून दिलं. त्या घराण्याची ही पद्धतच असावी.

मग त्या बोलायला लागल्या. सुवर्णा, काय तो वेग! मला एक अक्षर कळेना. मी ओठ मिटून म्हणालो, "म्-मिंग." कळत नाही. यावर त्यांनी कमरेवर हात ठेवले, मान ताठ केली, आणि बातम्यांच्या आवाजात माझं अख्खं भाषण मलाच म्हणून दाखवलं! हातवाऱ्यांसकट! सगळं पाठ होतं त्यांना. आजूबाजूच्या बायका भाज्या टाकून हसायला लागल्या. मासे कापणारा सुरी ठेवून बघायला आला. मी एकाहत्तर वर्षांचा माणूस, कारलं हातात घेऊन उभा.

भाषण संपलं, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. बोट माझ्या छातीला लावून विचारलं, "ऑन-ची?"

"म् ऑन-ची!" मी जवळजवळ ओरडलो. "म् ऑन-ची! म् ऑन-ची!" मग कॅरनने तीन संध्याकाळी घोटून घेतलेलं वाक्य, "यात-छाय च्यू." एकत्र राहायचं. हाताने दाखवलं. तुम्ही, विनी, मी. एकत्र.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शर्टावरच्या डागाकडे बघितलं. मग ते कारलं काढून माझ्या दंडावर सणकन मारलं आणि म्हणाल्या, "सो-लोऊ!" विनीने नंतर अर्थ सांगितला: वेडपट. मग एक मोठा कोहळा माझ्या हातात दिला, व्हॅनवाल्याला हात करून जा म्हणून सांगितलं आणि माझ्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. वाटेत सिग्नल पिवळा झाला की माझ्या मांडीवर चापट मारायच्या.

विनीने दार उघडलं. समोर तिची आई, मागे मी आणि कोहळा. काकूंनी आत शिरता शिरता तिला काहीतरी सांगितलं. विनी हसली, मग तिचे डोळे भरले, मग परत हसली. कोहळा माझ्या हातून घ्यायचा विसरली, मी तो धरूनच उभा.

दुपारी जेवायला बसवलं. काकूंनी कारल्याची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "सिक ला! सिक ला!" मला ऐकू आलं, शिक! शुद्ध मराठीत! मी घाईघाईने मराठीतच म्हणालो, "अहो काकू, शिकतोच आहे!" विनीने सांगितलं, 'सिक' म्हणजे खा. बातम्यांत कोणी जेवत नाही गं, मला कुठून कळणार?

मी एकत्र राहण्याचं पुन्हा काढायला गेलो, तर त्यांनी चमचा उगारला. आधी जेव, मग बोल. जेवण झाल्यावर त्या खोलीत गेल्या, पलंगाखालची बॅग ओढत बाहेर आणली आणि माझ्यासमोर उघडून एकेक कपडा विनीच्या हातात दिला, कपाटात ठेवायला.

मला आज खूप बरं वाटतंय. तुला सांगतो, मी खूप खूश आहे.

दादा


पार्सिपनी
२० एप्रिल

दादा!!!

मी पत्र वाचून किचनमध्ये नाचले. यशोधनला वाटलं गरम तेल उडालं. मग त्याला वाचून दाखवलं, मग अनुष्काला फोनवर, मग तिने कॅरनला. कॅरन म्हणते, हळदीचा डाग ही तुझी ओरिजिनल आयडिया होती, तिने शिकवलेली नाही, ते क्रेडिट तुझं.

पण एक सांग. मी तुझं पत्र परत परत वाचलं. काकूंना तू विचारलंस. काकूंनी कारल्याने मारलं, बॅग उघडली, म्हणजे काकूंचं झालं. बाजारातल्या सगळ्या बायकांना माहितीये. मासे कापणाऱ्याला माहितीये.

विनीला विचारलंस का?

मला त्या अख्ख्या पत्रात कुठे सापडलं नाही. दादा, प्लीज सांग की विचारलंयस आणि लिहायचं राहिलं. आणि नसेल विचारलं, तर आता पत्र बाजूला ठेव आणि जा. आणि खबरदार, सहवास नको, अभिलाषा नको, कटिबद्ध तर अजिबात नको.

सुवर्णा


शुगर लँड
५ मे

सुवर्णा,

नव्हतं विचारलं.

तुझं पत्र वाचून मी चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. आईच्या परवानगीच्या मागे एवढा लागलो की जिच्याशी लग्न करायचं तिला विचारायचंच राहिलं. आणि ती इतके दिवस काहीच बोलली नाही! मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी, रविवारी येत होती, उच्चार तपासत होती, आणि वाट बघत होती.

म्हणून आधी महत्त्वाचं लिहून टाकतो, म्हणजे ते तरी राहणार नाही. आठ जूनला लग्न आहे, कोर्टात. नंतर इथे घरी जेवण. तू आणि यशोधन आठवडाभर आधी या. काकू माझ्या घरी राहायला यायला तयार आहेत, पण मागचं सगळं लॉन उखडून भाजी लावायची म्हणतात. मी हो म्हटलंय. विनीला तुला भेटायची फार घाई आहे, तिला वाटतं तू माझ्याबद्दल सगळं सांगशील. थोडं हातचं राखून सांग.

आता परवाचं ऐक.

विनीच्या घरामागे पायऱ्या आहेत, तिथे बसलो होतो. आतापासूनच इतकं दमट झालंय की चष्म्यावर वाफ धरते. कॅरनने मला एक साधं वाक्य शिकवलं होतं, घरातलं, आठ-दहा अक्षरांचं. मी उठून विनीसमोर उभा राहिलो. तोंड उघडलं, आणि सगळं गेलं. कँटोनीज गेली, इंग्रजी गेली, मराठीसुद्धा गेली. घशातून फक्त एक आवाज आला, "म्."

आणि 'म्' म्हणजे 'नाही'.

विनी म्हणाली, "नाही?"

मी दोन्ही हात हलवायला लागलो. तेवढ्यात तिने मला थांबवलं. चष्मा काढला. पुसला. परत घातला. पायरीवर उभी राहिली, हात मागे बांधले, समोर बघितलं, आणि मराठीत, सुवर्णा, मराठीत, एकेक शब्द पायरीवर दगड मांडल्यासारखा मांडत म्हणाली:

"महोदय. आपला प्रस्ताव. सभागृहात. एकमताने. मंजूर करण्यात आला आहे."

मला वाटलं मला उन्हाचा त्रास होतोय.

तर ही बाई जानेवारीपासून, मला कळू न देता, रोज सकाळी चालायला जाताना फोनवर मराठी बातम्या ऐकत होती! विधानसभेचं अख्खं अधिवेशन ऐकलंय तिने! तिला 'लक्षवेधी सूचना' येतं, 'सभात्याग' येतं, 'तहकूब' येतं. 'पोळी' येत नाही.

मी हसत हसत खाली पायरीवरच बसलो. उठताच येईना. आतून काकू आल्या, मला तसं बघून घाबरल्या, विनीने सांगितल्यावर त्याही हसायला लागल्या, आणि मग आम्ही तिघंही का हसतोय हे कोणालाच सांगता येईना.

विनीचा चेहरा मात्र जरा पडला. "चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "व्याकरण अगदी निर्दोष आहे. पण घरात असं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

मी विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला साधं मराठी विचारत होतं.

"चालेल म्हणतात," मी सांगितलं.

तिने ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं. 'ळ' नाही, 'ल'च आहे, याची खात्री करून घेतली. मग शेजारी येऊन बसली. मीही श्वास घेतला आणि विचारलं, "विनी, लग्न करायचं?"

"चालेल," ती म्हणाली.

दादा